तळघरात पडलेला पाऊस

मी एक जुना लाल फासा आहे. मित्रांनो, नेपोलियन, क्लिओपात्रा आणि चंगीझखान यांचे भवितव्य एके काळी माझ्या हाती होते. ही बढाई नव्हे. नेपोलियन आमच्याकडे सातव्या क्रमांकावर बॅटिंगला यायचा, आणि डावखुरा पिचर चेंडू टाकायला आला की त्याची भंबेरी उडायची.

माझ्या जन्माची कथा सांगण्यासारखी नाही. प्लॅस्टिक ओतले, ठिपके पाडले, झाले. एका पांढऱ्या फाशासोबत मला ओहायोतल्या वेंडेल क्राउझने घरी आणले. तो टायरच्या कारखान्यात कामाला होता. त्याची मुले, रसेल आणि लोर्ना, पावसामुळे बेसबॉलचा सामना रद्द झाला की घर डोक्यावर घेत. त्यांना गप्प बसवण्यासाठी वेंडेलने मक्याच्या पोह्यांची रिकामी खोकी कापून पत्ते केले, प्रत्येकावर इतिहासातल्या एकेका थोर माणसाचे नाव लिहिले आणि तळघरात 'अमर लीग' सुरू केली. आम्ही पडू तसा खेळ चाले. दोघांवर सहा आले तर होम रन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. दोघांवर एक आला तर पाऊस, सामना रद्द. पंच वेंडेल. त्याचा शब्द अखेरचा, आणि त्या शब्दावरून भांडणे हा दोन्ही मुलांचा जन्मसिद्ध हक्क.

ते दिवस सुखाचे होते. लोर्ना आम्हाला फुंकर घालून टाकी. सिकंदराने होम रन मारला की आरडाओरड ऐकून मुलांची आई वरून झाडूचा दांडा आपटी.

मग मुले मोठी झाली, दूरच्या शहरांत गेली. आई वारली. आम्ही कॉफीच्या रिकाम्या डब्यात पडून राहिलो. अगदीच एकटे नव्हतो. त्याच डब्यात वेंडेलची जुनी कवळी होती.

पुढे एका हिवाळ्यात वेंडेल जिन्यावरून घसरला आणि त्याचे मनगट मोडले. डॉक्टर म्हणाले, यापुढे एकटे राहायचे नाही. मुले धावत आली.

"बाबा माझ्याकडे येतील," लोर्ना म्हणाली.

"छे, माझ्याकडे!" रसेल म्हणाला. "असं करू. लीग खेळू. जो जिंकेल त्याच्याकडे बाबा."

"चालेल! मान आहे तो. असा फुकट कुणाला मिळता कामा नये."

आपल्यासाठी मुले फासे टाकणार, म्हणून वेंडेलचे डोळे भरून आले. त्याने पत्त्यांवरची धूळ प्लास्टरच्या हाताने पुसली. दर रविवारी सामने सुरू झाले.

आणि पहिल्याच रविवारी रसेलने चंगीझखानाला बाकावर बसवले. लोर्नाने क्लिओपात्राला काढून न्यूटनला पिचर केले.

"अगं, न्यूटन कशाला?" वेंडेल म्हणाला. "त्याच्या हातून चेंडू फक्त खाली पडतो."

"नवीन लोकांना संधी द्यायला नको का, बाबा?"

"आणि रसेल, तुझा चंगीझ?"

"दमलाय तो. सारख्या स्वाऱ्या."

"इतक्या वर्षांत कधी दमला नव्हता."

"वय झालंय त्याचं," रसेल म्हणाला.

वेंडेलने दोघांचे संघ एकदा नीट पाहिले. तेव्हापासून त्याने कुणाला काही विचारले नाही. मुलांना वाटले, म्हाताऱ्याच्या लक्षात येत नाही. ज्याने एकेक पत्ता स्वतःच्या हाताने कापला, त्याच्या लक्षात येत नाही!

हरण्याची एवढी चुरस मी जन्मात पाहिली नाही. शेवटच्या सामन्यापर्यंत दोघे बरोबरीत होते. त्या सामन्यातही बरोबरी, आणि शेवटचा डाव. रसेलने मुद्दाम नेपोलियनला पाठवले, कारण न्यूटन डावखुरा. निश्चिंत मनाने त्याने आम्हाला फेकले.

पांढऱ्यावर सहा आले. मी कडेवर डुगडुगलो आणि पडलो. सहा.

रसेल पांढराफटक पडला. "अभिनंद..." लोर्नाचा आनंद तोंडाबाहेर पडणार, तेवढ्यात वेंडेलने पुढे वाकून प्लास्टरचा हात आम्हा दोघांवर ठेवला.

"एक आणि एक," तो म्हणाला. "पाऊस. सामना रद्द. सीझन बरोबरीत."

मी भांडणाची वाट पाहिली. एका ठिपक्यावरून या दोघांनी लहानपणी एकमेकांना बोचकारले होते.

"हो, मलाही एकच दिसला," रसेल म्हणाला.

"पण बाबा..." लोर्ना म्हणाली.

"पंचाशी वाद नको, बाळ. वृद्धाश्रमात मी जागा बघून ठेवली आहे. बरोबरी झाली की पंच कुणाच्याच घरी जात नाही."

लोर्नाने त्या हाताकडे पाहिले. हाताखाली मी सहा ठिपके वर करून पडलो होतो. "पाऊसच," ती म्हणाली. "मघापासून आभाळ भरून आलंच होतं."

मित्रांनो, फासा खोटे बोलत नाही. पण त्याला विचारतो कोण? तुमच्या घरातले जुने फासे जपा, त्यांना ओल लागू देऊ नका. बाकी कुणाला जपावे, हे मी सांगून तुम्ही थोडेच ऐकणार आहात?

घर सोडताना वेंडेलने आम्हाला कोटाच्या खिशात टाकले. वृद्धाश्रमात भेटीची वेळ रविवारी दुपारी असते. त्या वेळी वेंडेल बिंगो खेळतो. बिंगोला फासे लागत नाहीत.