मेहुण्यापासून लांब

प्लंबरांच्या फुटबॉल संघात गोलकीपर होता कप्तानाचा मेहुणा. चेंडू राहू द्या, त्याच्या हातात चहाचा कपही टिकत नसे. पण त्याला काढलं असतं तर कप्तानाच्या बायकोने घर डोक्यावर घेतलं असतं. शनिवारी गाठ होती सुतारांशी, आणि गेल्या वर्षी जिंकल्यापासून ते रस्त्यात दिसले की दात काढत.

"चेंडू मेहुण्यापर्यंत येऊच द्यायचा नाही," कप्तान म्हणाला. "मेन कॉक वरच बंद केला की खाली बादली लागत नाही. चेंडू त्यांच्या गोलपाशी असतानाच सगळ्यांनी मिळून धावून जायचं. एक जरी रेंगाळला, तरी तिथून गळणार."

तसंच झालं. बावरलेल्या सुतारांनी आपल्याच गोलसमोर चेंडू घालवला आणि प्लंबरांनी गोल केला. इकडे मेहुणा उभा राहून राहून वैतागला आणि तरातरा मैदानाच्या मध्यापर्यंत आला.

"दाजी, मला काय बुजगावणं म्हणून आणलंय?"

तेवढ्यात पुढचा एक प्लंबर धापा टाकत थांबला. त्या फटीतून सुतारांनी चेंडू लांब मारला, तो नेमका मेहुण्यापुढे पडला. त्याने रागारागाने लाथ हाणली. चेंडू मैदानाबाहेर गेला आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली.

"शेवटी माझ्या भावानेच वाचवलं ना?" घरी बायको म्हणाली. "पुढच्या वर्षी कप्तान त्यालाच करा."

"करतो की," कप्तान म्हणाला. "फक्त गोलमध्ये मी उभा राहतो."