लूथरचा हातमोजा आणि पांढरा कप

मी हातमोजा बोलतोय. थंडीत घालतात तो लोकरीचा लुकडा नव्हे, बेसबॉलमधल्या कॅचरचा हातमोजा. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा, तुमच्या क्रिकेटमधला यष्टिरक्षक समजा. पुरणपोळीएवढा माझा घेर आहे, आणि गादी भरलेलं जाड कातडं. अमेरिकेत जन्मलेल्याला मराठी कुठून आली, असं तुमच्या मनात आलं असेल. जरा धीर धरा, तेही सांगतो.

आयुष्यभर मी मार खाल्ला. तक्रार नाही, माझं कामच ते. त्यामुळे वाटायचं, आपल्याला आता काही हबकवणार नाही. पण पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, एका जेवणाच्या टेबलाशी मी असा काही हबकलो की अजून सावरलेलो नाही.

सेंट लुईसच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. दुकानातून मला विकत घेतलं ते लूथर पेटवे नावाच्या तरण्याबांड पोरानं. अलाबामाचा, काळा, ताडमाड उंच. त्यानं माझ्यात डावा हात घातला, उजव्या हाताची मूठ माझ्या पोटात दोनदा हाणली आणि हसला. त्या क्षणापासून मी त्याचा झालो.

त्या काळी मोठ्या लीगमध्ये फक्त गोरे खेळायचे. काळ्यांच्या लीग वेगळ्या, संघ वेगळे, पगार तुटपुंजे. मैदान मात्र पुष्कळदा गोऱ्यांचंच, भाड्यानं घेतलेलं. आमच्या खेळाडूंनी तिथं खेळायचं, गर्दी खेचायची, पण अंघोळीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तसेच घामेजलेले सगळे बसमध्ये चढायचे. हॉटेलात जागा मिळायची नाही, म्हणून झोप बसमध्ये आणि जेवण खानावळीच्या मागच्या खिडकीतून.

जॉर्जियातल्या एका गावात लूथरनं अशाच एका खिडकीतून पाणी मागितलं. मालकानं काचेच्या ग्लासात दिलं. लूथर गटागटा प्यायला, ग्लास परत केला, आभारही मानले. मी त्याच्या काखेत होतो. मालकानं तो ग्लास भिंतीवर आपटून फोडला. मला वाटलं, हातातून निसटला असेल. मग आमच्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, पाणी पिऊन झालं आणि त्याचाही ग्लास फोडला. तेव्हा मला कळलं. पुढच्या सामन्यात लूथरनं माझ्या पोटात इतक्या जोरात मूठ मारली की माझी एक दोरी तुटली.

पुढे मोठ्या लीगची दारं काळ्यांनाही उघडली, पण लूथरचे गुडघे तोवर गेले होते. चांगले चांगले तरुण तिकडे गेले, आमच्या लीगची गर्दी ओसरली आणि एकेक संघ बंद पडला. लूथर डेट्रॉइटला येऊन मोटारींच्या कारखान्यात लागला. मी कपाटात गेलो. माझ्या वाट्याला बुटांचे जोड आणि डांबराच्या गोळ्या आल्या.

म्हातारपणी लूथरच्या उजव्या हाताची बोटं वाकडी झाली. कॅचरचा तो हात उघडा असतो, चुकलेला चेंडू बोटांवरच बसतो. ती बोटं दाखवायला तो डॉक्टर उल्हास यांच्याकडे गेला. डॉक्टर पुण्याचे, हातांच्या शस्त्रक्रियेत नावाजलेले. त्यांनी दोन बोटं सरळ केली आणि लूथरच्या सगळ्या आठवणी कान देऊन ऐकल्या. ते स्वतः कॉलेजात यष्टिरक्षण करायचे, आता महाराष्ट्र मंडळाच्या सॉफ्टबॉल टीमचे कॅप्टन आणि कॅचर होते. लूथर त्यांच्यावर खूश होता.

लूथरला मूलबाळ नव्हतं. जुन्या वस्तू जमवणारा एक माणूस मला काचेच्या पेटीत ठेवायला मागत होता. लूथर त्याला म्हणाला, "याला काच नको. याला हात पाहिजे." तो हात शोधायचा, एवढीच त्याची शेवटची इच्छा उरली होती. आणि माझीही. जुलैत मंडळाच्या पिकनिकला सामना होता, त्याआधी डॉक्टरांनी टीमला घरी जेवायला बोलावलं, लूथरलाही आग्रहानं बोलावलं, तेव्हा त्यानं मला तेल लावलं, नवी दोरी ओवली आणि बरोबर घेतलं. जेवण झालं की मी डॉक्टरांचा होणार होतो.

घर झकपक होतं. डॉक्टरांच्या बायको रेखावहिनींनी टेबल मांडलं होतं. स्टीलची ताटं, स्टीलचे पेले, सगळे पुण्याहून आणलेले, प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं. डॉक्टरांनी लूथरला आपल्या शेजारची मानाची खुर्ची दिली. त्या खुर्चीसमोर कागदाची ताटली होती आणि थर्माकोलचा पांढरा कप.

फक्त तिथंच.

लूथरनं कप पाहिला, मग मान न वळवता सगळ्यांचे पेले पाहिले. मी त्याच्या मांडीवर होतो. माझ्यावरची त्याची बोटं घट्ट झाली आणि मग सैल पडली. तो हसून म्हणाला, "वास फार सुंदर येतोय, मॅडम."

जेवताना सगळ्यांनी जुन्या गोष्टींचा आग्रह धरला. लूथरनं माझीच गोष्ट सांगितली. आमचा एक पिचर इतका जोरात टाकायचा की तळवा टरारून सुजायचा. मग लूथर खाटकाकडून मांसाचा तुकडा घ्यायचा आणि तळवा आणि मी यांच्यामध्ये घालायचा. "सामना संपेपर्यंत तो तुकडा खिम्यासारखा व्हायचा," तो म्हणाला. सगळे खदखदून हसले. रेखावहिनी हसल्या नाहीत.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दादाराव बसले होते. नागपूरचे, मोटार कंपनीत इंजिनिअर, टीममध्ये लांबवर उभे राहून चेंडू अडवणारे. मंडळात त्यांच्याबद्दल कुणाला याहून जास्त ठाऊक नव्हतं. शेजारी त्यांच्या बायको कांताबाई. दादारावांनी आपला स्टीलचा पेला हळूच पुढे सरकवला.

"वहिनी, मलाही तसाच कप द्या ना."

"अय्या, तुम्हाला कशाला? तुम्ही काय परके आहात? आपलेच तर आहात."

"आपले म्हणजे कसे?"

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. "दादाराव, डोन्ट मेक अ सीन, यार. पेपर प्लेट इज जस्ट कन्व्हिनियन्स."

"मग मलाही कन्व्हिनियन्स द्या."

"अहो, त्यांनी ते मांसाचं सांगितलं ना आत्ता," रेखावहिनी म्हणाल्या, "माझ्या ओट्यावर मी कधी तसलं आणलेलं नाही, म्हणून…"

"वहिनी, कप आधीपासून होता," कांताबाई म्हणाल्या.

खरं होतं. मी साक्षीदार आहे. लूथरनं तोंड उघडण्याआधी, त्यानं खुर्ची ओढण्याआधी कप तिथं होता.

दादाराव आवाज न चढवता बोलले. "वहिनी, माझ्या आईला गावात लोक वरून ओंजळीत पाणी घालायचे. आम्ही बाबासाहेबांची माणसं. तुम्ही मला पेला दिलात, कारण तुम्ही विचारलं नव्हतंत. आणि मीही सांगितलं नव्हतं. यांना मात्र विचारायचीही गरज पडली नाही."

आणि तेव्हा ते झालं. रेखावहिनींची नजर दादारावांच्या पेल्यावर गेली.

क्षणभरच. त्यांनी ती लगेच उचलली, चेहरा लालबुंद झाला, पण गेली ती गेली. पेल्यावर त्यांच्याच कुण्या मावशीचं नाव कोरलेलं होतं. कांताबाईंनी ती नजर पाहिली. दादारावांनी पाहिली. आणि मराठीचं अक्षर न कळणाऱ्या माझ्या लूथरनंही पाहिली. मलाही तेव्हा शब्द कळत नव्हते, ते नंतर इतक्यांदा ऐकले की पाठ झाले. पण ती नजर कळायला भाषा लागली नाही. जॉर्जियातल्या त्या मालकाची तीच होती, ग्लास भिंतीवर आपटण्याआधीची. मी गारठलो. अहो, तो माणूस तरी दांडगट होता, त्याच्याकडून काय अपेक्षा? ही बाई तर सकाळपासून या म्हाताऱ्यासाठी राबली होती. त्याच्यासाठी तिखट कमी केलं होतं. दारात त्याचे हात हातात घेऊन स्वागत केलं होतं. एकाच बाईत हे सगळं मावतं कसं, मला काही केल्या समजेना.

लूथरनं पांढऱ्या कपातलं पाणी संपवलं. "जेवण छान होतं, डॉक," तो म्हणाला आणि मला काखेत मारून उठला. डॉक्टर दारापर्यंत आले. ते उंबऱ्यातच थांबले.

म्हणजे मी पुन्हा कपाटात, नाहीतर काचेत.

दादाराव आणि कांताबाई मागोमाग बाहेर आले. दादाराव माफी मागत होते. कांताबाईंचं लक्ष मात्र माझ्याकडे होतं. "बघू?" त्या म्हणाल्या. लूथरनं मला दिलं. त्यांनी डावा हात माझ्यात घातला आणि उजव्या हाताची मूठ माझ्या पोटात दोनदा हाणली. अगदी लूथरसारखी!

लूथर बघतच राहिला. "तू कॅचर आहेस?"

"होते. नागपूरला, युनिव्हर्सिटीच्या सॉफ्टबॉल टीममध्ये."

"हे तू मला कधी बोलली नाहीस," दादाराव म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत? आणि मंडळाची टीम तर सगळी पुरुषांची. आम्ही बायका सँडविचेस करतो."

लूथरनं गाडीतून चेंडू काढला. कांताबाईंनी साडीचा पदर खोचला आणि डॉक्टरांच्या ड्राइव्हवेवर, रांगेत लावलेल्या गाड्यांमध्ये, उकिडव्या बसल्या. लूथरनं चेंडू टाकला. किती वर्षांनी माझ्यातून तो आवाज निघाला! लूथरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पिकनिकला तू खेळणार असशील तर हा तुझा," तो म्हणाला. डॉक्टर दारातून पाहत होते. ते पायऱ्या उतरून आले आणि म्हणाले, "शी विल प्ले. कॅचिंग तीच करेल, मी बाजूला होतो." लूथरनं होकारार्थी मान हलवली, पण हस्तांदोलनाला हात पुढे केला नाही.

जुलैत मंडळाची पिकनिक होती. पार्कात झाडाखाली घडीच्या खुर्चीवर लूथर बसला होता, मैदानात कांताबाईंच्या हातात मी. आधी काही मंडळींनी नाकं मुरडली. मग कांताबाईंनी दोन गडी बाद केले आणि सगळी टीका बंद झाली. लूथर ओरडून ओरडून सूचना देत होता. मी इतका खूश होतो की मार लागतोय हेही कळत नव्हतं.

मध्यंतरात लिंबाचं सरबत आलं. पिकनिकच ती, सगळ्यांच्या हातात थर्माकोलचे पांढरे कप. डॉक्टर, दादाराव, कांताबाई, पोरंटोरं, सगळे त्यातच पीत होते. तेवढ्यात रेखावहिनी आल्या. पर्समधून त्यांनी रुमालात गुंडाळलेला स्टीलचा पेला काढला, सरबतानं भरला आणि दोन्ही हातांनी लूथरपुढे धरला. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"हा माझ्या आईचा आहे," त्या म्हणाल्या. "तिचं नाव आहे त्याच्यावर. तुमच्यासाठी घरून आणला. प्लीज."

कांताबाईंनी मला छातीशी धरलं होतं. त्यांचं काळीज धडधडताना मला ऐकू येत होतं.

लूथरनं वाकड्या बोटांनी पेल्यावरचं नाव चाचपलं. "सुंदर आहे, मॅडम," तो म्हणाला. मग त्यानं सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं, त्या दिवशी टेबलाशी पाहिलं होतं तसंच, मान न वळवता. "पण आज मला तो पांढरा कप द्या. सगळे ज्यात पितायत त्यातलाच."

रेखावहिनी आधी गोंधळल्या. पेल्याकडे पाहिलं, कपांकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. "अगं बाई, मी पुन्हा तेच केलं," त्या पुटपुटल्या आणि मटकन गवतावर बसल्या. त्यांच्या मनात प्रेम होतं हो, मी शपथेवर सांगतो. तरी त्या माणसाला त्यांनी पुन्हा वेगळंच काढलं होतं. हे पाहून मी दुसऱ्यांदा हबकलो, आणि पहिल्यापेक्षा जास्त.

मग त्यांनी उठून पांढऱ्या कपात सरबत ओतलं. लूथर प्यायला. "साखर कमी आहे," तो म्हणाला, आणि सगळ्यांत आधी रेखावहिनीच रडता रडता हसल्या.

लूथर दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात गेला. मी कांताबाईंच्या घरी खुंटीवर असतो. त्या मला खोबरेल चोपडतात, उन्हाळ्यात मैदानावर नेतात. त्यांच्याच बोलण्यातून मला मराठी आली. माझी दोरी विरली आहे, कातडं तडकलंय, आणखी किती चेंडू झेलीन सांगता येत नाही. मेल्यावर मला काचेत ठेवू नका, कुणाच्या तरी हातात द्या, एवढंच मागणं आहे.

आणि एक खोड जडली आहे, ती काही जात नाही. दाराची बेल वाजली, पाहुणे आत आले, की लोक त्यांचे चेहरे बघतात. मी खुंटीवरून टेबलावरचे पेले बघतो. रेखावहिनीही हल्ली अधूनमधून येतात. परवा पाहिलं, त्याही बसण्याआधी तेच बघत होत्या.