ताईची बेरीज

हिशेबकाकांकडे येणारी माणसं बहुतेक घाबरलेली असायची. प्राप्तिकराचा रिटर्न भरायचा म्हटलं की भलेभले गडबडतात. काका खुर्ची पुढे ओढायचे, सगळं उलगडून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "जा आता, निवांत झोपा."

शिवणकाम करणारी ताई नऊ वर्षं त्यांच्याकडून रिटर्न भरून घेत होती. त्या दिवशी मात्र ती घाबरलेली नव्हती, ओशाळलेली होती. पिशवीतून तिने जाडजूड वही काढून टेबलावर ठेवली. वहीत प्रत्येक कामाची नोंद आणि शेजारी त्या कापडाची कातरण टाचलेली.

"काका, माझी बेरीज कुठे चुकते तेवढं दाखवा. बँकेत पार शोभा झाली माझी."

तिला बाजारात एक गाळा घ्यायचा होता. गाळ्याचा मालक शनिवारपर्यंतच थांबणार होता. कर्ज मागायला ती बँकेत गेली, तर तिथल्या साहेबांनी रिटर्न पाहून विचारलं, "वर्षाला एवढंच? मग हप्ता कशातून भरणार?" तिने वही पुढे केली. वहीत खर्च वजा जाता चार लाख बारा हजार, रिटर्नवर एक लाख नव्वद हजार. साहेबांनी वही मिटून परत दिली. लबाडी पकडल्यावर माणूस जसा बघतो, तसे बघत होते म्हणे.

"मी काही फार शिकलेली नाही," ताई म्हणाली. "हातचा धरायला विसरत असेन."

काकांना माहीत होतं, बेरीज बरोबरच होती. एक लाख नव्वद हा आकडा त्यांचा होता. एकटी बाई कमावते, तिला कशाला कर भरायला लावायचा, म्हणून दरवर्षी ते तिची कमाई करमाफीच्या मर्यादेत, तेव्हाच्या दोन लाखांच्या आत, बसवायचे. तिला कधी विचारलं नव्हतं. सही कुठे करायची, तेवढं बोट ठेवून दाखवायचे.

सांगायचं तर हीच वेळ होती. पण तोंडातून निघालं, "बघू, परत एकदा करा."

आणि ती बिचारी करू लागली. बोटांच्या पेरांवर मोजत, ओठ हलवत. काका समोर बसून राहिले. मध्ये एकदा "हं" सुद्धा म्हणाले. तिसऱ्या पानावर ती अडली.

"सात नि आठ पंधराच ना हो?"

फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला होता. काकांना तो बघवेना.

"पंधराच," ते म्हणाले. "ताई, मिटा ती वही. तुमचं काही चुकलेलं नाही. आकडा मी कमी केला. दरवर्षी."

"म्हणजे?"

"कर वाचावा म्हणून. तुमच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी!" ती ताडकन उठली. "पाठ मोडेस्तोवर शिवते मी, काका. आणि तुम्ही लिहून दिलंत, ही निम्मंसुद्धा कमवत नाही? आत्तासुद्धा मला बेरजा करायला बसवलंत?"

काका पुटपुटले, "सुधारित रिटर्न भरता येतील मागच्या एक-दोन वर्षांचे. कर, व्याज, दंड, सगळं मी देतो."

"व्याज नि दंड तुम्ही द्या. कर मी भरीन. कमाई माझी आहे ना? उठा, आधी बँकेत चला."

काकांनी चपला घातल्या.

बँकेत त्यांनी झालं ते खालमानेने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती जणांचे रिटर्न भरता तुम्ही?"

"असतील साठेक."

"सगळ्यांचे असेच?"

इस्त्रीवाला, सायकली दुरुस्त करणारा, शिकवण्या घेणारी बाई, एकेक जण काकांच्या डोळ्यांपुढे येऊ लागला. "बऱ्याच जणांचे," असं ते म्हणाले खरं, पण ते त्यांचं त्यांनाच जेमतेम ऐकू आलं.

साहेब ताईकडे वळले. "नवे रिटर्न आले की अर्ज पुन्हा बघू. शनिवारपर्यंत मात्र नाही जमायचं."

गाळा हातचा गेला होता. साहेबांनी लागणाऱ्या कागदांची यादी लिहिली आणि सवयीने काकांपुढे सरकवली.

"त्यांच्याकडे नको," ताई म्हणाली. "माझ्याकडे द्या."