महजराखालच्या चार ओळी

कारखान्यातली पहिली पाळी संपवून शुभदा या कानडी शहरातल्या शिवाजीनगरात आली ती कल्लाप्पाकडे दुरुस्तीला टाकलेला ट्रान्झिस्टर न्यायला. दुकानाच्या दारात पोलीस उभे होते. आत कल्लाप्पाच्या हातांत बेड्या होत्या. टेबलावर दोन टाइमर, वायरींची भेंडोळी आणि एक पुडी मांडून ठेवलेली होती.

"या अक्का," तिच्या गळ्यातला पास पाहून इन्स्पेक्टर कन्नडात म्हणाला. "सरकारी कारखान्यात ना तुम्ही? उत्तम. पंच म्हणून स्वल्प सही करा."

महजर, म्हणजे इकडचा पंचनामा, कन्नडात होता. मराठी बाईला तो वाचता येणार नाही, असं त्याने गृहीत धरलं होतं. पण कारखान्याच्या तपासणी विभागात कन्नड कागद वाचत बावीस वर्षं काढलेली शुभदा एकेक ओळ वाचत गेली. वस्तू पंचांसमक्ष माळ्यावरून काढल्या, असं त्यात लिहिलं होतं.

"मी आत्ता आले. माझ्यासमोर काहीच काढलेलं नाही."

"टाडाचं, दहशतवादाच्या कायद्याचं प्रकरण आहे. याला वर्षभर जामीन मिळायचा नाही. याच्या जोडीला बसायचंय का? नाहीतर एक फोन करतो, उद्यापासून कारखान्याच्या गेटवर तुमचा पास चालणार नाही."

हे होऊ शकत होतं. नवरा पुरुषोत्तम निवृत्त झाल्यापासून घर शुभदाच्याच नोकरीवर होतं.

"करून टाका अक्का," कल्लाप्पा म्हणाला. "तुमचा रेडिओ तयार आहे. तेवढा आधी मागून घ्या, नाहीतर तोही बॉम्ब ठरेल."

दारातला शिपाई हसला आणि साहेबाकडे पाहून गप्प झाला. कल्लाप्पाचा खालचा ओठ सुजलेला शुभदाला आता दिसला.

तिने पेन उघडलं. महजराखाली, वळण नसलेल्या कन्नड अक्षरांत, तिने चार ओळी लिहिल्या: मी साडेतीनला आले. वस्तू आधीच टेबलावर होत्या. त्या कुठून आल्या ते मी पाहिलं नाही. कल्लाप्पाचा ओठ सुजलेला आहे. खाली सही केली, तारीख घातली.

इन्स्पेक्टरने वाचलं आणि कागदाचे चार तुकडे केले.

"फाडा," शुभदा म्हणाली. "हेच मी उद्या टाडा न्यायालयाला रजिस्टर पत्राने कळवणार आहे. नाव-पत्त्यासकट. आणि फोन कराच तुम्ही. माझ्या पासाचा क्रमांक सांगते, लिहून घ्या."

त्याने पेन उचललं नाही. तेव्हा तिनेच पिशवीतून कोरा कागद काढला आणि त्याच्यासमोर, उभ्याउभ्याच, पत्र लिहायला घेतलं.