खोलीतली जास्तीची मुलगी

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि गाण्याच्या बाईंनी जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून वाट अडवली, कोंबड्या खुराड्यात हाकाव्यात तशी. पण कोंबड्यासुद्धा बऱ्या. सहावीची पोरं बाईंच्या काखेखालून निसटून थेट मैदानावर.

“अरे, एकदा येऊन तर बघा! नुसतं उभं राहायचं आणि तोंड उघडायचं!”

“तोंड जेवायला उघडतो की बाई!” कुणीतरी पळता पळता ओरडलं.

बाईंनी हात खाली घेतले. हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. समूहगानाच्या वर्गात आता दोघीच उरल्या होत्या, जुळ्या बहिणी, आणि त्यांनीही एका खोडरबरावरून आपसात अबोला धरलेला. कालच हेडबाईंनी बोलावून तोंडावर सांगून टाकलं होतं.

“शनिवारी सकाळी मी स्वतः येणार. खोली मुलांनी भरलेली दिसली तर ठीक. नाहीतर बाकं ठेवायला घेणार मी ती. व्हरांड्यात वाळवी खातेय त्यांना.”

बाईंचं उभं आयुष्य त्या खोलीत गेलं होतं. घरी बोलायला म्हणाल तर भिंतीवरचं घड्याळ, आणि तेही हल्ली मागे पडायचं. खोली गेली की आपणही त्या बाकांशेजारी व्हरांड्यात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग बाईंनी पदर खोचला आणि थापा मारायला सुरुवात केली. गाण्याने उंची वाढते. उचकी कायमची जाते. मागे एकदा आपल्या वर्गाने असा सूर लावला, असा लावला, की बाजारात उधळलेला बैल चारही गुडघे टेकून बसला आणि मालकाने हाक मारली तरी उठेना, गाणं संपू दे म्हणाला.

“बैल म्हणाला?”

हे विचारणारी तोफ, शाळेत सगळे तिला हेच म्हणत. पाचवीतली, आवाज असा की तिने हजेरी दिली की शेजारच्या वर्गातली मुलं उभी राहायची. कुठल्याही खेळात कर्णधार तीच, आणि ती जिकडे जाईल तिकडे अर्धी शाळा.

“तोंडाने नाही गं म्हणाला. डोळ्यांनी.”

“बाई, तुम्ही थापाड्या आहात.”

“आहेच,” बाई म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या तिच्याशेजारी पायरीवर बसल्या, गुडघे कटकन वाजले. “पण एक गोष्ट खरी सांगते. सगळ्यांचा सूर एक झाला ना, अगदी केसाएवढंही अंतर न ठेवता, की खोलीत एक जास्तीची मुलगी गायला लागते. दिसत नाही. सगळ्यांच्या वरून गाते. बारीक, काचेसारखी.”

“भूत?”

“भूत कसलं, घाबरट असते बिचारी. कुणी जरा बेसूर झालं की पळाली. मी तुझ्याएवढी असताना ऐकली होती. एकदाच.”

तोफेने बाईंच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. बाईंच्या साऱ्या थापांमध्ये हीच एक थाप नव्हती, पण ते कुणाला पटणार?

दुसऱ्या दिवशी खोली भरली. तोफ पुढे आणि मागून तिची पलटण. बाईंनी पियानोवर सूर दिला, मधला. वरच्या पट्ट्यांना त्या गेल्या वर्षापासून हातच लावत नव्हत्या. पट्ट्या मुक्या झाल्या म्हणून पियानोवाल्याला बोलावलं होतं. त्याने एकेक दाबून पाहिली, मग बाईंकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “वाजतायत की, बाई.” बाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि हा विषय कुणाकडे काढला नाही.

मुलं गायली. जास्तीची मुलगी काही आली नाही.

त्यानंतरही नाही. बाईंनी पोरांना विनवलं, दटावलं, जुळ्यांना एकमेकींचे हात धरायला लावले. सूर हळूहळू जवळ येत होते, पण खोलीतला जाड गालिचा आणि दुहेरी पडदे ते गिळून टाकत होते. शुक्रवारी तोफेने दप्तर उचललं.

“उद्या शेवटचं, बाई. नाही आली तर आम्ही सगळे खेळायला जाणार.”

शनिवारी सकाळी बाई खोलीत शिरल्या आणि उंबऱ्याशीच थबकल्या. हेडबाईंना धीर कुठला! त्यांच्या माणसांनी पहाटेच येऊन गालिचा नेला होता, पडदे नेले होते, कपाटंही. पियानो तेवढा हलला नव्हता म्हणून राहिला होता. उघड्या भिंती, उघडी फरशी. खोली कशी, धुऊन पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखी.

“आमचं सामान कुठंय?” तोफेने विचारलं, आणि तिचा आवाज भिंतीवर आपटून परत आला. ती स्वतःच दचकली.

“उभे राहा,” बाई म्हणाल्या. “सगळे उभे राहा. आणि आज ओरडायचं नाही हं. शेजारच्याचा सूर ऐकायचा.”

त्यांनी सूर दिला. मुलांनी धरला. तोफेने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपला आवाज शेजारच्याच्या आवाजाएवढा केला.

बाईंना मुलं ऐकू येत होती. बाकी काही नाही. संपलं, त्यांना वाटलं. हात खाली घेणार, तोच एका जुळीने मान वर केली. मग दुसरीने. मग सगळ्यांचीच तोंडं छताकडे वळली, गाता गाता, डोळे हे एवढाले. तोफेच्या हातावर काटा उभा राहिला होता.

दारात हेडबाई उभ्या होत्या. मागे सुतारकाका, हातात मापाची टेप. हेडबाईंनी खोलीवर एकदा नजर फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली.

“ती वरचं गातेय ती कुठली?” त्या कुजबुजल्या. “कुठे उभी आहे?”

बाईंनी कान टवकारले. मुलांच्या सुरावर त्यांना नुसती शांतता ऐकू आली.

“नवीन आहे,” त्या म्हणाल्या. “लाजते. रोज यायला लागली की दिसेल.”

हेडबाई तशाच उभ्या राहिल्या. सूर संपला तरी.

“सुतारकाका, टेप गुंडाळा,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि यांचं सामान परत आणायला सांगा.”

“कपाटं आणा,” बाई घाईने म्हणाल्या. “गालिचा आणि पडदे मात्र नकोत. राहू देत तुमच्याकडेच.”

दार लागलं आणि मुलांनी एकच कल्ला केला. परत, बाई, परत! बाई पियानोच्या स्टुलावर टेकल्या. त्यांनी तोफेला जवळ बोलावलं आणि तिची विस्कटलेली बट कानामागे सारली.

“कशी गाते गं ती?”

“तुम्ही ऐकलं नाहीत?”

“मला तुझ्या तोंडून ऐकायचंय,” बाई म्हणाल्या. “काही वाढवू नकोस हं. अगदी जशी आहे तशी सांग.”