रुईच्या पानावरची टाच

पहाटे अंथरुणातून उठून जमिनीवर टेकायचं पहिलं पाऊल नीलाबाईंना नको नको व्हायचं. उजव्या टाचेत कुणी दाभण उभं करून ठेवलंय आणि आपण त्याच्यावर सगळा भार टाकतोय, अशी कळ यायची. भिंतीला हात लावून, ओठ दाबून त्या चार पावलं टाकायच्या. पाचव्या-सहाव्या पावलाला कळ जरा बसायची. मग ‘शिवा, शिवा’ करत न्हाणीकडे. घरात हे कुणाला ठाऊक नाही, असं त्यांना आपलं वाटायचं.

चौसाळ्याच्या मोठ्या रस्त्यावर त्यांच्या मालकांचं, शिवलिंगआप्पांचं, किराण्याचं दुकान होतं. सुंठ, ओवा, हिरडा, बिब्बे, एरंडेल असलं झाडपाल्याचं औषधही तिथं मिळायचं. दुकानामागं घर. नीलाबाईंचा नेम असा: दिवस उगवायच्या आत आडाच्या गार पाण्यानं आंघोळ, गळ्यातल्या लिंगाची पूजा, आणि मग पाण्याचा तांब्या घेऊन अनवाणी महादेवाच्या देवळात जाऊन अकरा फेऱ्या. तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. एकोणीस वर्षांत खंड नव्हता.

नेमाचं कारण त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. थोरला अमरनाथ पाच वर्षांचा असताना मुदतीच्या तापानं पंधरा दिवस पडून होता. सोळाव्या दिवशी त्यानं डोळे पांढरे केले, तेव्हा नीलाबाई तशाच, पायात काही न घालता देवळात पळाल्या आणि पिंडीवर हात ठेवून बोलून बसल्या, की एवढा राहू दे, मी जीव असेतो रोज अनवाणी येईन, अकरा फेऱ्या घालीन. पोर राहिलं. आता चोवीस वर्षांचं झालं होतं, लग्न झालं होतं, मालासाठी मोटरसायकलवर बीडला आणि ट्रकात बसून सोलापूरला जायचं. रस्त्यावर गाड्या किती वाढलेल्या. तो येईपर्यंत नीलाबाईंचा जीव दारात असायचा. पण फेऱ्या घालून झाल्या असल्या, की तो जीव थाऱ्यावर यायचा.

गेल्या वर्षी गावानं वर्गणी काढून देवळाभोवती कडप्पा बसवला. आधी तिथं नुसती माती होती, पायाला मऊ. कडप्पा दिसायला छान, पण मार्गशीर्षातल्या पहाटे बर्फाच्या लादीवर पाय ठेवल्यासारखा. टाच तेव्हापासूनच बिघडली.

सून वर्षाराणी अंबाजोगाईची. घरात येऊन सहा महिने झालेले, पण नजर बारीक.

“आई, तुम्ही उठल्या उठल्या भिंत कशाला धरता?”

“कुठं धरते? सवय आहे ती.”

“काल चहा देताना लंगडत होतात.”

“मांडी घालून बसले होते, मुंगी आली पायाला.”

 दोन दिवसांनी वर्षाराणीनं अमरनाथला बरोबर घेऊन सासूला बीडच्या डॉक्टरकडे नेलं. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, टाचेखालच्या शिरा सुजल्यात, हाडही जरासं वाढलंय. गोळ्या दिल्या, आणि म्हणाले की अनवाणी चालणं बंद, गार फरशी बंद, घरातसुद्धा मऊ चप्पल घाला. नीलाबाईंनी मान हलवली. वाटेत वर्षाराणीनं स्पंजाची निळी चप्पल घेतली. घरी आल्यावर नीलाबाईंनी ती पिशवीसकट खुंटीला अडकवून ठेवली. गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली, तेव्हा त्याही ठेवून दिल्या.

मग घरगुती औषधं सुरू झाली. आप्पांनी स्वतः एरंडेल गरम करून दिलं. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून झाले. शेजारच्या मंजुळाबाई बिब्बा घेऊन आल्या, टाचेला चटका देते म्हणाल्या.

“काकू, त्यानं कातडी जळते,” वर्षाराणी मधे पडली. “आमच्याकडे एकीचा पाय महिनाभर पिकला होता.”

“दुकान तुमचं, बिब्बा तुमचा, अन्‌ विश्वास तुमचाच नाही,” मंजुळाबाई म्हणाल्या.

आप्पा गल्ल्यावरून बोलले, “आम्ही विकतो बाई. लावायचा का नाही ते गिऱ्हाईकानं बघावं.”

शेवटी आली साखराबाई. सत्तरीची, सुकलेल्या खारकेसारखी. वीस-बावीस हंगाम नवऱ्याबरोबर ऊस तोडलेला. आता लेक-सून कारखान्यावर जायची आणि ती नातवंडं सांभाळत गावात राहायची. अमरनाथ जन्मला तेव्हा नीलाबाईंना न्हाऊ-माखू तिनंच घातलं होतं, त्यामुळे आप्पांच्या घरात अरे-तुरे करायचा तिचा हक्क होता. तिनं नीलाबाईंचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं टाच दाबत दाबत एका जागी थांबली.

“हितंच ना?”

नीलाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“मलाबी झालतं. चिखलात उभं राहून राहून. तवा टोळीतल्या एका म्हातारीनं सांगितलं. वीट तापवायची चुलीत. तिच्यावर रुईचं पान टाकायचं, त्याच्यावर कापड, अन्‌ टाच ठेवून शेकायचं, सोसंल तितकंच. एकवीस दिस. मी पायावर उभी हाय ती त्याच्यावरच.”

“रुईचं पान?” नीलाबाईंनी हळूच पाय ओढून घेतला. “मावशी, रुईचं फूल महादेवाला वाहतो आपण. त्याच्या पानाला पाय कसा लावायचा?”

“फूल देवाला. पान कुठं वाहत्यात महादेवाला? पान शेळीबी खात न्हाई.”

“तरीपण झाड तेच ना.”

“अगं, देवानं झाड दिलं ते काय नुसतं बघायला? पाय दिले त्यानंच, दुखणं दिलं त्यानंच, पान बी त्यानंच दिलं. तू कशाला मधी मधी करतीस?”

वर्षाराणी तोंडाला पदर लावून आत गेली.

नीलाबाईंनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी त्यांनी अमरनाथला बांधावरून रुईची पानं आणायला सांगितली. शेक सुरू झाला. एक दिवस नाही चुकला. चीक डोळ्याला लागू नये म्हणून पानं आधी पुसून घ्यायच्या, विटेला हात लावून ताव बघायच्या, पाय ठेवताना देवाला हात जोडायच्या. सात दिवस झाले, चौदा झाले, एकवीस झाले. टाच रतीभरही उतरली नाही. उलट कळ आता पोटरीपर्यंत चढायला लागली.

बाविसाव्या दिवशी दुपारी साखराबाई आली. ओसरीत नीलाबाई ज्वारी निवडत होत्या, वर्षाराणी चहा ठेवत होती.

“उतार?”

“नाही हो.”

“असं कसं? पान रुईचंच हाय ना?”

“रुईचंच. अमर आणतो.”

“वीट तापती ना नीट? किती वाजता शेकतीस?”

“पहाटे. चारला.”

“चारला कावून? ती काय येळ हाय शेकायची?”

नीलाबाई खाली बघत म्हणाल्या, “आंघोळीच्या आधी शेकावं लागतं ना, मावशी. पानाला पाय लागतो. मग ओवळ्यानं पूजेला कसं बसायचं? म्हणून शेकून झालं की लगेच आंघोळ करते.”

साखराबाई पुढं सरकली. “कशानं आंघोळ करतीस?”

“आडाच्या पाण्यानं.”

“गार?”

“नेम आहे माझा.”

“अन्‌ त्याच्यामागं?”

“मग देवळात. फेऱ्या.”

“त्या कडप्प्यावर. अनवाणी.”

“हो.”

साखराबाई हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांबाला टेकून, मग खाली बसून. वर्षाराणी कपबशी घेऊन बाहेर आली ती उभीच राहिली.

“लोहार बघ,” साखराबाई डोळे पुसत म्हणाली, “फाळ लाल करतो अन्‌ पाण्यात बुडवतो. कावून? कडक व्हावा म्हणून. एकवीस दिस तू टाचेला पाणी पाजलंस, बाई. आता ती दगड फोडंल.”

नीलाबाईंनाही हसू आलं. पण ते ओठांवरच राहिलं, कारण साखराबाई आता हसत नव्हती.

“नीट ऐक. शेक संध्याकाळी घ्यायचा, जेवणखाण झालं की. वरून एरंडेल चोळायचं, लोकरीचं फडकं गुंडाळायचं, अन्‌ सकाळपस्तोर पाणी लावायचं न्हाई. उठल्यावर पाय खाली टाकायच्या आधी हातानं चोळायचे, बोटं वर ओढून धरायची. दुकानातली एखादी रिकामी बाटली पायाखाली घेऊन मागं-पुढं फिरवायची. आंघोळ ऊन पाण्यानं. अन्‌ तीन महिने त्या कडप्प्यावर अनवाणी फिरायचं न्हाई.”

“बाकीचं सगळं करते,” नीलाबाई म्हणाल्या. “फेऱ्या नाही सोडता यायच्या.”

“तीन महिन्यात देव कुठं पळून जातोय व्हय?”

नीलाबाईंनी सुपातली ज्वारी उगाच सारखी केली. मग वर्षाराणी आत गेल्याचं बघून, अगदी हलक्या आवाजात, त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट साखराबाईला सांगितली. “मी बोलून बसलेय, मावशी. आता माझ्या टाचेपायी मी मागं हटले, अन्‌ त्याला काही झालं, तर?”

साखराबाईनं चहा प्यायला, कप पालथा घातला आणि ती उठून गेली.

नीलाबाईंनी शेक संध्याकाळवर नेला. पुढं शिवरात्रीपर्यंत टाच निम्म्यानं उतरली, हे खरं. पण ते पुढं. त्याआधी तो मंगळवार आला.

त्या दिवशी अमरनाथला सोलापूरला जायचं होतं. ट्रक दुकानासमोर उभाच होता. नीलाबाई नेहमीपेक्षा आधी देवळात गेल्या, म्हणजे तो निघायच्या आत फेऱ्या होतील. दव पडून कडप्पा ओला झालेला. तीन फेऱ्या झाल्या. चौथीला टाच टेकेना. त्यांनी पंजावर चालून बघितलं, मग भिंत धरून. चौथी कशीबशी पुरी झाली, आणि नंदीसमोर आल्यावर पायानं सरळ नाही म्हटलं. त्या पायरीवर बसल्या. सात राहिल्या होत्या. रस्त्याकडून ट्रक सुरू केल्याचा आवाज येत होता. त्यांनी दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि गुडघ्यांवर पुढं सरकायला लागल्या.

साखराबाई शेळी सोडायला त्याच वाटेनं चालली होती. तिनं ते बघितलं. शेळी तिथंच खांबाला बांधली आणि ती दुकानाकडे गेली. जपलेली गोष्ट फोडायची का नाही, याचा विचार तिनं वाटेत केला असेल तर तेवढाच.

थोड्या वेळानं अमरनाथ आला, मागं वर्षाराणी, हातात ती खुंटीवरची पिशवी.

“आई, ऊठ. घरी चल.”

“सात राहिल्यात रे. तू जा, उशीर होईल.”

“गुडघ्यानं घालणारेस?”

“पायानं होईना. घालते कशातरी.”

तो त्यांच्यासमोर खाली बसला. “साखराआजीनं सांगितलं मला. कुणासाठी ते.”

नीलाबाईंनी मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखं झालं त्यांना. अमरनाथनं आपल्या बुटांकडे बघितलं.

“एकोणीस वर्षं, आई. अन्‌ मी इथनं रोज बूट वाजवत जातो.” मग त्यानं नाड्या सोडायला घेतल्या. “सात मी घालतो.”

“अरे, नवस माझा आहे. मी येईन म्हणाले होते.”

“मग आलीस की तू. बस इथं. जीव ज्याचा मागितलास, त्याचे पाय चालतील का नाही, विचार देवाला.”

नीलाबाईंनी वळून गाभाऱ्याकडे बघितलं. समईच्या उजेडात पिंड दिसत होती, ओली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. अमरनाथ मोजे काढून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता.

“कसलं गार आहे गं हे. तू रोज यावर...”

“बोलू नको फेरी घालताना,” नीलाबाई म्हणाल्या.

तोच होकार होता. वर्षाराणीनं त्यांना पायरीवर नीट बसवलं, आपली शाल त्यांच्या पायांभोवती गुंडाळली आणि चप्पल पिशवीतून काढून शेजारी ठेवली. नीलाबाईंनी चपलेकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. “घरी जाताना घालीन,” त्या म्हणाल्या.

अमरनाथ ताडताड निघाला, आणि देवळाला पुरा वळसा घालून दुसऱ्या बाजूनं पुढं आला.

“झाली एक.”

“ती धरली नाही.”

“का?”

“पिंडीचं पाणी जातं ती पन्हळ ओलांडलीस तू. महादेवाला पुरा वळसा घालत नाहीत. तिथवर जायचं, मागं फिरायचं, अन्‌ दुसऱ्या बाजूनं पुन्हा तिथवर. एवढा मोठा झालास, कुणी सांगितलं नाही?”

“सांगणारी तूच होतीस, आई.”

वर्षाराणी हसली. तो मागं फिरला. आता हळू चालत होता, दगडाचा गारठा पायाला कळत असलेल्या माणसासारखा. देवळामागं जायचा, दिसेनासा व्हायचा. इतकी वर्षं नीलाबाईंनी या फेऱ्या स्वतः चालत घातल्या होत्या. बसून बघायची वेळ कधी आली नव्हती. तो भिंतीआड गेला की त्यांचा श्वास तिथंच थांबायचा. पन्हळीपासून मागं वळून तो परत दिसला, की सुटायचा.

रस्त्यावर ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला.

“झाल्या ना गं?”

“नऊ झाल्या. दोन राहिल्या.”

“तो थांबायचा नाही, आई.”

“थांबेल,” नीलाबाई म्हणाल्या. “तू चाल.”

तो पुन्हा देवळामागं गेला.