मुलगी क्र. १

जयाने तक्त्याच्या डाव्या कोपऱ्यात टाचणी रोवली, कागद तळव्याने सपाट केला आणि तिचा हात तिथेच थांबला. काल शाळा सुटली तेव्हा या बाजूला तीनच चौकटी होत्या: लोकसंख्या भूगोल, आर्थिक भूगोल, राजकीय भूगोल. आज त्यांच्याखाली चौथी चिकटवलेली होती. गुलाबी कागद, आणि त्यावर धनश्रीचं वळणदार अक्षर.

‘व्यक्ती अभ्यास. मुलगी क्र. १. तालुका पाथर्डी. तेव्हाचे वय तेरा. वर्ष बुडण्याचे शाळेला सांगितलेले कारण: कावीळ. खरे कारण: ऊसतोड. कामाचे स्वरूप: अर्धा कोयता.’

तिने ते दोनदा वाचलं. हॉलमध्ये गोंधळ चालला होता. कुणाचा थर्माकोलचा ज्वालामुखी धूर सोडत नव्हता, कुणाच्या सूर्यमालेतला शनी सापडत नव्हता. मधल्या सुट्टीनंतर परीक्षक येणार होत्या. जयाने गुलाबी कागदाच्या कडेखाली नख घातलं. पण फेविकॉल पुरता वाळला होता. ओढला असता तर अख्खा लोकसंख्या भूगोल सोबत फाटून आला असता.

धनश्री स्कूटीची किल्ली बोटात फिरवत आली. तिने दोघींसाठी एकसारखे बॅज करून आणले होते.

“हे कधी लावलंस?” जयाने विचारलं.

“सकाळी. सर म्हणाले, मानवी बाजू कोरडी वाटतेय, एखादं जिवंत उदाहरण टाक.”

“माझं?”

“तुझं नाव कुठंय त्यात? मुलगी क्रमांक एक लिहिलंय.” धनश्रीने एक बॅज तिच्या ओढणीला लावला आणि मागे सरून तो सरळ दिसतोय का ते पाहिलं. “कुणाला कळणारे? पाथर्डीत काय एकच मुलगी आहे?”

अकरावीच्या या वर्गात पाथर्डीची एकच मुलगी होती. आणि सगळ्यांपेक्षा एका वर्षाने मोठीही एकच. त्यावरून वर्गात तिची रोज थट्टा व्हायची; अल्मास तर तिला ‘जया आपा’ म्हणूनच हाक मारायची, आणि जयाही मोठेपणाचा आव आणून तिला आशीर्वाद द्यायची. काविळीने वर्ष गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काविळीची गोष्ट तिच्या वडलांनी, आबांनी, शाळेत सांगितलेली होती. जयाने तिच्यात कडुलिंबाच्या पाल्याचा रस आणि पिवळे डोळे आपल्या पदरचे घातले होते.

खरं काय ते तिने फक्त धनश्रीला सांगितलं होतं, याच तक्त्यावरच्या समोच्चरेषा रंगवताना, सावेडीतल्या तिच्या बंगल्याच्या गच्चीवर. ऐकून धनश्री रडली होती. गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली होती तिने, कुण्णाकुण्णाला सांगणार नाही म्हणून. जयाला तेव्हा इतकं हलकं वाटलं होतं, की हॉस्टेलवर परत येताना ती दोन थांबे आधीच रिक्षातून उतरून चालत आली होती.

आणि भूगोल! तो तर तिचाच विषय होता. जूनमध्ये कुलथे सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, राजधान्या पाठ करणं म्हणजे भूगोल नव्हे. भूगोल दोनच प्रश्न विचारतो. एखादी गोष्ट कुठे आहे? आणि तिथेच का आहे? वर्गातली बरीच पोरं तेव्हा पेंगत होती. जया मात्र ताठ बसली होती. ऊस तिकडे आणि ऊस तोडणारे हात इकडे, असं का, हे तिने लहानपणी आबांना विचारलं होतं, आणि आबा म्हणाले होते, नशीब. सरांनी फळ्यावर डोंगर काढला, त्याला अलीकडून ढग आपटवले आणि पलीकडच्या कोरड्या उतारावर खडूने लिहिलं, पर्जन्यछाया. त्या दिवशी जयाने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून हात वर केला होता. तेव्हापासून तो खाली आलाच नव्हता.

प्रकल्पाची वाटणी करताना तिने उजवी बाजू मागून घेतली. प्राकृतिक भूगोल: भूरूपं, हवामान, माती, पाणी. दगडमातीला कुणी घरचं काही विचारत नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

अल्मास डबा संपवून तक्त्यापाशी आली. तिने बोट फिरवत डावी बाजू वाचली.

“मुलगी क्रमांक एक? मग दोन नंबरची कुठाय, सुट्टीवर?”

कुणीच हसलं नाही, तेव्हा तिने पुन्हा वाचलं. काविळीपाशी तिचं बोट थांबलं. ते तिने हळूच मागे घेतलं आणि पाण्याची बाटली भरायची राहिली म्हणून निघून गेली.

परीक्षक आव्हाड मॅडम कॉलेजात भूगोल शिकवायच्या. चष्मा कपाळावर, हातात मार्कांचा कागद. कुलथे सर त्यांच्या मागोमाग, हात बांधून. जया उजवी बाजू बोलली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, तरी ती अडखळली नाही. मॅडमनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही तिला आले. मग धनश्री पुढे झाली. ती छान बोलायची. स्थलांतर म्हणजे काय, हंगामी स्थलांतर कशाला म्हणतात, दिवाळीनंतर गावं कशी रिकामी होतात. बोलत बोलत ती गुलाबी कागदाशी आली, आणि तिथे तिने आवाज जरासा खाली आणला.

“अर्धा कोयता म्हणजे?” मॅडमनी विचारलं.

“मॅम, छोटा कोयता,” धनश्री म्हणाली. तिने हवेत वीतभर अंतर दाखवलं. “लहान मुलांना मोठा झेपत नाही ना, म्हणून त्यांच्यासाठी अर्ध्या पात्याचा करतात.”

कुलथे सरांनी मान डोलावली. मॅडमचं पेन कागदाला टेकलं.

जया खाली फरशीकडे बघत होती. गप्प राहिलं की झालं. ते वीतभर पातं त्या कागदावर जाईल, मार्क पडतील, आणि मुलगी क्रमांक एक कुठली तरी कुणीतरी राहील. वर्ग कुजबुजेल, पण ती काविळीवर अडून बसू शकेल.

“तसलं न्हाई ते,” ती म्हणाली.

अडीच वर्षांत या शाळेत तिच्या तोंडून एकदाही ‘न्हाई’ निघालं नव्हतं. सगळ्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“कोयता म्हणजे अवजार नाही, मॅडम. माणसं. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, ते जोडपं मिळून मुकादमाच्या वहीत एक कोयता. एकटं माणूस असलं की अर्धा.” ती थांबली. “आईचा पाय मोडला. आबा अर्धे राहिले. दुसरा अर्धा मी.”

हॉलच्या त्या टोकाला ज्वालामुखी एकदाचा फसफसला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. आव्हाड मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, जयाचं पूर्ण नाव विचारलं, आणि कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

मॅडम पुढच्या तक्त्याकडे गेल्यावर धनश्री जयाजवळ सरकली. तिचे डोळे भरले होते. “मी खरंच नाव नव्हतं घातलं गं,” ती पुटपुटली.

“तेच तर,” जया म्हणाली.

निकाल चार वाजता लागला. कुलथे सर जवळजवळ धावतच आले. विभागीय फेरी, नाशिकला, पंधरा दिवसांनी! त्यांनी दोघींचं अभिनंदन केलं, मग खास जयाकडे वळले. आजवर कधी बोलले नव्हते इतक्या मायेने ते बोलले.

“तिथं हा कोयत्याचा भाग तूच सांगायचास. आत्ता सांगितलास तस्साच, तुमच्या गावाकडच्या भाषेत. आणि बोलता बोलता गळा दाटून आला ना, तर येऊ द्यायचा. परिणाम होतो.”

त्यांच्या बोटांवर खडूची पांढरी भुकटी होती. ते खूश होते. मनापासून खूश.

“तो भाग धनश्री सांगेल, सर,” ती म्हणाली. “तिला आता अर्थ माहीत झालाय.”



“आणि तू?”

“मी उजवी बाजू. पर्जन्यछाया.”

“अगं वेडे,” सर हसले, “पाऊस तर सगळ्यांच्याच तक्त्यावर असतो.”

“आमच्याकडं नसतो, सर,” जया म्हणाली.